पहिला माझा, दुसरा तिचा

१

सकाळी नऊच्या ठोक्याला तीनशे बारा बायकांच्या फोनवर एकच ओळ जाऊन पडायची. ‘आजची गोळी घेतली का? घेतली असेल तर १, नसेल तर २ पाठवा.’ ओळ यंत्र पाठवायचं. पण आलेली उत्तरं वाचायला माणूस लागतं, आणि ते माणूस म्हणजे सिस्टर. दवाखान्यात सिस्टर पन्नास होत्या. या तीनशे बाराजणींना मात्र ही एकच ठाऊक होती.

सगळ्याजणी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या. ऑपरेशन झालं, सलाइनमधून चढवायची औषधं झाली, किरणं झाली, गेलेले केस परत आले. ‘सुटलात एकदाच्या’ असं म्हणून भेटायला येणारे आपापल्या घरी गेले. मागं उरली ती शर्टाच्या बटणाहून लहान अशी एक पांढरी गोळी. रोज एक, पाच वर्षं. दुखण्यानं पुन्हा डोकं वर काढू नये म्हणून. पण ती गोळी काही गुणी बाळ नव्हती. अंगातून वाफा निघायच्या, सकाळी बोटं वळायची नाहीत, झोप उडून जायची. बऱ्या झालेल्या बाईच्या घरात आजाराची म्हणून तेवढी एकच वस्तू शिल्लक राहायची, आणि ती नजरेला खुपायची. मग कुणाला न सांगता, न भांडता, ती बंद व्हायची. म्हणून हा रोजचा निरोप.

सिस्टरची खोली पूर्वी चादरींचं कोठार होती. भिंतींना अजून खळीचा वास होता. उंचावर एक झरोका, खाली टेबल, कॉम्प्युटर, काळा फोन आणि दोन खुर्च्या. एक तिची, एक येणाऱ्या बाईची. प्रत्येक उत्तराला कॉम्प्युटर ‘टक’ असा आवाज करायचा. नऊ ते साडेनऊ पत्र्यावर गारा पडाव्यात तसं चालायचं. एक आला की नावापुढं हिरवा ठिपका, दोन आला की लाल. लागोपाठ तीन लाल झाले, की सिस्टरनं फोन करायचा, समजवायचं, आणि काय बोलणं झालं ते वहीत लिहायचं.

काहीजणी आकड्यावर थांबायच्या नाहीत. एकीनं लिहिलं होतं, ‘घेतली बाई घेतली. सासूनंसुद्धा इतका पिच्छा पुरवला नव्हता.’ सिस्टरनं ते घरी वाचून दाखवलं, तेव्हा नवरा जेवता जेवता हसला होता.

शिवणवाल्या मावशी मात्र कधी गंमत करायच्या नाहीत. नऊ वाजून एक मिनिटानं त्यांचा ‘१’ यायचा. साडेतीन वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. खोलीतलं घड्याळ मागं पडलं, तर सिस्टर मावशींच्या उत्तरावर ते लावून घ्यायची.

एका सोमवारी नऊ वाजून एक मिनिटानं मावशींचं उत्तर आलं: ‘११’.

२

कॉम्प्युटरला ते समजलं नाही. हिरवा नाही, लाल नाही. ‘न कळलेली उत्तरं’ नावाच्या रकान्यात त्यानं ते टाकून दिलं. सिस्टरनं हातानं हिरवा ठिपका दिला. बोटं आखडली असतील, बटण दोनदा दाबलं गेलं असेल. मंगळवारी पुन्हा ‘११’. बुधवारीही.

“दोनदा बटण दाबलं म्हणून लिफ्ट दोनदा येत नाही,” नवरा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि जगातली निम्मी कोडी त्याला बटणांतच दिसायची. “पण माणसं दाबतात. भरवसा नसतो ना.”

आठवड्यानं सिस्टरनं फोन लावला. पलीकडं शिलाईमशिनचा आवाज चालू होता.

“मावशी, एकदाच दाबायचं हं. दोनदा दाबलं की आमच्या कॉम्प्युटरला कळत नाही.”

“एकदाच दाबते मी.”

“मग दोन एक येतात ते कसे?”

“दुसरा तिचा,” मावशी म्हणाल्या. “फोन एकच ना घरात. पहिला माझा, दुसरा तिचा.”

“तिचा म्हणजे?”

“सोबतीण आहे माझी.”

“आमच्याकडची पेशंट आहे का?”

“नाहीतर गोळी कशाला घेईल?” मशीन थांबलं. “जरा थांबा हं, दार वाजतंय.”

फोन लाकडावर ठेवल्याचा आवाज झाला. पावलं लांब गेली. कडी निघाली, दूरवर कुणीतरी गणवेशाच्या मापाचं काहीतरी विचारलं. सिस्टर फोन कानाला धरून थांबली. आणि मग अगदी जवळ, फोनच्या शेजारी, कागद सरकला. एक पान उलटलं. थोड्या वेळानं दुसरं. वाऱ्यानं फडफडतं तसं नाही. वाचणारा माणूस ओळी संपवून उलटतो, तितक्याच अवकाशानं.

शिवणाऱ्या बाईच्या घरात मापाचे कागद असणारच, आणि खिडकीही असणार. सिस्टरनं स्वतःला हे नीट समजावलं. पण ते पान पुन्हा उलटायच्या आत तिनं फोन ठेवून दिला, आणि दिवसभर तिच्या मनात पाल चुकचुकत राहिली.

३

मावशींना एकच सोबतीण होती हे सिस्टरला चांगलं माहीत होतं.

सलाइनच्या हॉलमध्ये चौथी खुर्ची मावशींची आणि पाचवी पुस्तकबाईंची. पुस्तकबाई हे नाव हॉलनंच ठेवलं होतं. त्या वाचनालयात काम करायच्या, आणि दवाखान्यातही वाचनालयातल्यासारखं हळूच बोलायच्या. एका हाताला सलाइन, दुसऱ्या हातात पुस्तक. मावशी एका हातानं जमेल तेवढी काजंबटणं करायच्या आणि पुस्तकबाई त्यांना वाचून दाखवायच्या. वाचताना कुणाचा डोळा लागला, तर आवाज आणखी खाली आणायच्या, पण थांबायच्या नाहीत.

ऑपरेशननंतर पुस्तकबाईंचा डावा हात सुजला. त्यावर दवाखान्याची घट्ट बाही चढवावी लागायची, कातडीच्या रंगाची. लोक टक लावून बघतात, म्हणून त्या बाहेर जाईनाशा झाल्या. मावशींनी आपल्या घरच्या पडद्याचं उरलेलं कापड घेतलं, निळ्यावर पांढरी पानं असलेलं, आणि वरून घालायला एक सैल बाही शिवून दिली. “आता बघू देत,” म्हणाल्या. “कापड कुठून घेतलं म्हणून विचारतील.”

सव्वादोन वर्षांपूर्वी पुस्तकबाईंचा ‘१’ अचानक ‘२’ झाला.

तिसऱ्या दिवशी नाव लाल होऊन वर आलं. त्या दिवशी लाल नावं सात होती. सिस्टरनं सहा फोन केले. एकीनं रडून अर्धा तास घेतला. पावणेपाच वाजले. पाचला शाळा सुटायची. आदल्या दिवशी सिस्टरला उशीर झाला होता, आणि मुलगी बंद फाटकाबाहेर एकटी उभी राहून रडली होती. उद्या करू, सिस्टरनं ठरवलं. पण वहीतला रकाना रिकामा ठेवता येत नव्हता. तिनं लिहिलं, ‘फोन केला. उचलला नाही.’

उद्या नवी लाल नावं आली. आठवड्यानं पुस्तकबाईंचं नाव पुन्हा समोर आलं. आता फोन करायचा, तर मागच्या वेळचं काय सांगायचं? तिनं लिहिलं, ‘दोनदा फोन केला. उत्तर नाही.’ पहिल्या वेळी पेन थोडं अडखळलं होतं. दुसऱ्या वेळी नाही.

एकोणीस दिवस ‘२’ येत राहिला. मग तोही थांबला.

आठ महिन्यांनी पुस्तकबाई चाकाच्या खुर्चीतून दवाखान्यात आल्या. आजार हाडांत उतरला होता. सिस्टर समोरून येताना दिसली, तशी त्यांनी निळ्या बाहीतला हात किंचित वर केला आणि हसल्या. “तुम्ही कामात असाल,” एवढंच म्हणाल्या. त्या वेळचं म्हणाल्या, की त्या आधीच्या एकोणीस दिवसांचं, हे सिस्टरला कधी ठरवता आलं नाही. महिन्याभरात त्या गेल्या. कुणी काही विचारलं नाही. वही सिस्टरच्या कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली तिच्या पर्समध्ये.

४

वीस दिवस ‘११’ येत राहिला. मग एका सकाळी आलं: ‘२१’.

दुसऱ्या दिवशी पुन्हा ‘२१’. कॉम्प्युटरला त्याचं काहीच नव्हतं. त्यानं आपल्या रकान्यात ते टाकलं. सिस्टरला मात्र नाही आणि हो असे दोन शब्द वाचल्यासारखे दिसले. तिसऱ्या दिवसाची वाट न बघता तिनं फोन लावला.

“मावशी, गोळी बंद केलीत?”

“संपली माझी.” आज मशीन चालू नव्हतं. “साठवणीतल्या दोन पट्ट्या होत्या, त्यावर इतके दिवस दोघींचं भागलं. आता महिन्याच्या तीसच हातात. तेवढ्या तिला लागतात.”

“आणि तुम्हाला?”

“मी साडेतीन वर्षं घेतली की. तिचीच राहिलीय.”

“मावशी, तुम्ही गोळी देता कुणाला?”

“तुम्हाला ठाऊक आहे, सिस्टर.”

सिस्टरनं खुर्ची पुढं ओढली. अशा वेळी कसं बोलायचं हे ती शिकलेली होती: आवाज चढवायचा नाही, समोरच्या बाईला खोटं पाडायचं नाही. “पुस्तकबाई गेल्या, मावशी. दीड वर्ष झालं. आपण दोघीही होतो त्यांच्यापाशी.”

“गेली, ते मी कुठं नाकारते? माझ्या या हातांनी तिचे केस विंचरले त्या दिवशी.” मावशींचा आवाज शांत होता, वेड लागलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. “पण आता येते. आतल्या खुर्चीत बसते. नऊला फोन वाजला की मान वर करून बघते. तोंडावर नाही कसं म्हणायचं?”

“एकटं राहिलं की असं होतं, मावशी—”

“ती म्हणते, मी रोज दोन पाठवत होते. गोळी नकोच असती, तर काही पाठवलंच नसतं. कुणीतरी फोन करील, चार शब्द बोलेल, म्हणून पाठवत होते.”

सिस्टरच्या हातातला फोन ओला झाला. पण तिची बुद्धी अजून जागेवर होती. पुस्तकबाईंनी हे जिवंतपणी सांगितलं असेल. शेवटच्या महिन्यात मावशी रोज त्यांच्याजवळ बसायच्या. त्यात गूढ असं काही नाही.

“आणि ती म्हणते,” मावशी म्हणाल्या, “वहीत मात्र दोनदा फोन केला म्हणून लिहिलंय.”

सिस्टरनं कपाटाकडं पाहिलं. कुलूप होतं. पर्स मांडीवर होती, आणि किल्ली पर्समध्ये.

५

डॉक्टरबाईंना तिनं अर्धंच सांगितलं. मावशी स्वतःची गोळी दुसऱ्या कुणाला तरी देतात, एकटेपणानं भास होतात.

“जाऊन बघून या,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मनाचं मागाहून बघू. गोळी आधी सुरू झाली पाहिजे. थांबवून चालायचं नाही.” त्यांनी स्वतःच्या सहीनं दहा गोळ्यांची एक पट्टी जास्तीची दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला सिस्टर मावशींकडं पोचली. कुलपं विकणाऱ्या दुकानाच्या वर दोन खोल्या. जिना अरुंद, लोखंडी, पाऊल टाकलं की वाजणारा. मावशी वाळल्या होत्या. खिडकीशी मशीन, त्यावर अर्धवट शिवलेला शाळेचा गणवेश, खाली चिंध्यांची टोपली. आतल्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. निळ्यावर पांढरी पानं.

“बसा,” मावशी म्हणाल्या, आणि दोन पेले पाणी भरलं. एक सिस्टरला दिला. दुसरा पडद्याआड ठेवून आल्या.

नऊ वाजले. मावशींचा जुना बटणांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावला, ओळ वाचली, आणि एक बटण दाबलं. ‘टूं’ असा मोठा आवाज झाला. त्या फोनचं प्रत्येक बटण तसं वाजायचं. मग निरोप न धाडताच त्या फोन घेऊन आत गेल्या, लगेच रिकाम्या हातांनी परत आल्या, मशीनपाशी बसल्या आणि गणवेशाची शिवण दोन्ही हातांनी सारखी करू लागल्या.

सिस्टर त्यांच्या हातांकडं बघत होती. दहाही बोटं कापडावर होती.

पडद्याआड ‘टूं’ वाजलं.

मग निरोप गेल्याची लहानशी घंटी. मग एक आवाज असा झाला, जो कुठल्याही सिस्टरला झोपेतही ओळखू येतो: पट्टीची चंदेरी पाठ फोडून गोळी बाहेर येते तो. पेला उचलला गेला. पेला खाली ठेवला गेला. लांब कुठंतरी, कुलूप घातलेल्या तिच्या खोलीत, या क्षणी कॉम्प्युटरनं टक केलं असेल.

“आत कोण आहे, मावशी?”

“बघा तुम्हीच. पण पडदा ओढू नका. फार खंगलीय ती. तिला दाखवायचं नसतं.”

शेजारीण असेल. नात्यातलं कुणी असेल. मावशींच्या गोळ्या उपटणारं कुणीतरी धूर्त माणूस असेल, आणि तसं असेल तर फारच बरं. सिस्टर उठली. पाच पावलांचं अंतर होतं. पडदा आणि चौकट यांच्यामध्ये दोन बोटांची फट होती. फटीतून एक स्टूल दिसलं. त्यावर फोन, अर्धा रिकामा पेला, पालथं ठेवलेलं पुस्तक. स्टुलाला लागून खुर्चीचा हात. खुर्चीच्या हातावर निळं कापड, पांढरी पानं.

पडद्याचाच काठ असेल तो, दुमडून खुर्चीवर पडलेला. कापड तेच होतं. सिस्टरनं हे मनाशी पुरतं ठरवलं, आणि तेवढ्यात पडदा स्थिर असताना ती पानं किंचित उचलली गेली आणि पुन्हा टेकली. दुखरा हात माणूस जसा जरा हलवून पुन्हा ठेवतो, तशी. कापडाच्या टोकाशी बोटं होती की नव्हती, हे सिस्टर आजही सांगू शकत नाही. तिनं मान खाली घातली होती.

“सांगा तुम्हीच तिला,” मागून मावशी म्हणाल्या. “माझ्यानं होत नाही. माझ्या गोळ्या मला राहू दे, एवढं मी तिला सांगू शकत नाही.”

सिस्टरला पळून जाता आलं असतं. जिना चार पावलांवर होता. पण मावशींचे तीन दिवस गोळीविना गेले होते, आणि पुढच्या दिवसांचंही तेच होणार होतं. तिनं चौकटीला हात लावला.

“पुस्तकबाई,” ती हळूच म्हणाली, कारण त्या घरात मोठ्यानं बोलता येत नव्हतं. “मी फोन केला नव्हता. एकदाही नाही. एकोणीस दिवस तुमचा दोन बघत होते. घरी जायची घाई होती, म्हणून लिहून टाकलं. मग लिहिलेलं झाकायला पुन्हा लिहिलं. तुम्ही भेटलात, तेव्हाही बोलले नाही. चूक माझी आहे. मावशींची काही नाही. त्यांच्या गोळ्या त्यांना घेऊ द्या.”

आत काही झालं नाही. खालच्या दुकानात कुणीतरी कुलूप लावून बघत होतं, उघडून बघत होतं. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि ते पुसायला तिचा हात वर जात नव्हता.

मग खुर्ची करकरली. बसलेलं माणूस उठतं तशी.

सिस्टर वळली. मावशी तिच्याकडं न बघता पडद्याच्या वरच्या काठाकडं बघत होत्या.

“काय म्हणाल्या?” सिस्टरनं विचारलं.

“काही नाही. ऐकलं तिनं.”

सिस्टरनं पर्समधली पट्टी काढून दिली. मावशींनी तिथंच एक गोळी फोडली, उरल्या पाण्याबरोबर घेतली, आणि पेला खाली ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून एक मिनिटानं ‘१’ आला. फक्त एक.

सिस्टरनं कपाट उघडलं, वही काढली आणि डॉक्टरबाईंच्या टेबलावर ती दोन पानं उघडून ठेवली. जे होतं ते सगळं सांगितलं. निळ्या बाहीचं तेवढं सोडून. डॉक्टरबाईंनी दोन्ही पानं वाचली.

“तुम्ही फोन केला असता तरी त्यांनी गोळी घेतली असतीच असं नाही,” त्या म्हणाल्या. “घेतली असती तरी आजार आलाच नसता असंही नाही.”

“हो,” सिस्टर म्हणाली. “पण ते आता कळायचं नाही.”

“नाही. ते कळायचं नाही.”

तिच्यावर लेखी ठपका आला. वहीत पुस्तकबाईंच्या नावापुढं खरं काय ते तिच्याच हातानं लिहून घेतलं. काम मात्र तिच्याकडंच राहिलं, कारण तीनशे बाराजणींचे आवाज ओळखणारं दुसरं कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी मावशींचा फोन आला. आपणहून पहिल्यांदाच.

“ती येत नाही आता,” त्या म्हणाल्या. “खुर्ची रिकामीच असते.”

“चांगलं झालं, मावशी. गोळी चालू आहे ना?”

“चालू आहे. तुम्ही गोळी परत दिलीत मला.” मावशींनी नाक ओढलं. “घर मात्र खायला उठतंय हो. दुपारी हात थांबले की वाटतं, आता कुणीतरी वाचेल. किती दिवसांनी कुणी वाचून दाखवत होतं.”

“त्यांना शांतता मिळाली असेल,” सिस्टर म्हणाली. असं म्हणायची पद्धत असते.

“ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी तुम्ही गेलात ना, तेव्हा तुमच्या मागोमाग जिना उतरली. तुम्ही कठड्याला धरून सावकाश उतरत होता. तीही तुमच्या मागं तशीच सावकाश.”

७

त्यानंतर सिस्टर तिसऱ्या लालची वाट बघेनाशी झाली. पहिलाच ‘२’ आला, की दुपारपर्यंत फोन. मुलीला शाळेतून आणायचं काम नवऱ्यानं घेतलं. खोलीत सगळं पूर्वीसारखंच होतं. खळीचा वास, टकटक, समोरची दुसरी खुर्ची. ती खुर्ची हल्ली टेबलाच्या थोडी जास्त जवळ असायची. झाडणारी बाई सरकवत असेल. सिस्टर तिला कधी विचारायला गेली नाही.

एका मंगळवारी तीन लाल होते. पहिली बाई बँकेत कामाला होती. तिला पुढच्या तपासणीची तारीख हवी होती, ती सिस्टरनं दोनदा सांगितली. दुसरी चित्रकला शिकवायची. वय कमी, गोळी सुरू करून चार महिने झालेले. सिस्टरनं नंबर लावला, नाव सांगितलं.

“अहो, आत्ताच तर झालं की बोलणं,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या. आवाज रडून मोकळा झालेल्या माणसाचा होता.

“माझ्याशी?”

“तुमच्याकडच्याच दुसऱ्या बाई होत्या. वयानं मोठ्या वाटल्या. फार हळू बोलत होत्या, कुणी झोपलंय शेजारी असं. मी म्हटलं, बोटं वळत नाहीत, ब्रश धरवत नाही, मला नको ही गोळी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. घाई केली नाही.”

सिस्टरनं फोन दुसऱ्या कानाला लावला. “काय म्हणाल्या त्या?”

“म्हणाल्या, सिस्टरांचा फोन येईलच. त्यांना कामात जरा उशीर होतो. तोवर मी बसते तुमच्याजवळ.” पलीकडं पाण्याचा पेला भरल्याचा आवाज झाला. “घेते आता गोळी. सांगितलंय मी त्यांना.”

“कुठून बोलत होत्या, काही कळलं?”

“तुमच्याच खोलीतून की. मागं तुमचा आवाज येत होता. कुणाला तरी तारीख सांगत होता तुम्ही, दोनदा.”

सिस्टरनं आभार मानले. त्या खोलीत फोन एकच होता, आणि पाऊण तास तो तिच्याच हातात होता. समोरच्या खुर्चीकडं तिनं पाहिलं नाही. झरोक्यातून ऊन भिंतीवर उतरलं होतं. त्या उजेडात तिनं वही पुढं ओढली, जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिलं, आणि फोन कुणी केला या रकान्यात बराच वेळ पेन टेकवून शेवटी तो मोकळा ठेवला.

यादीत एक लाल नाव उरलं होतं. एकटी राहणारी, निवृत्त परिचारिका, कुणाचाच फोन सहसा न येणारी. सिस्टरनं तिचा नंबर लावला.

तो व्यस्त लागत होता.

तिनं फोन हलकेच खाली ठेवला, हात मांडीवर घेतले, आणि त्या दोघींचं बोलणं संपायची वाट बघत बसून राहिली.